नटाच्या दातांतली फट

कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या बायकोला सोडतीत तीन खोल्यांचं घर लागलं. आता हे वाक्य विसरून जायचं, कारण त्यांच्या घरात ते कुणी उच्चारत नाही.

तर, दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत राहत. जेवताना समोरच्या फळीवर गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे वाळत असत. आपल्या ताटाकडे कुणी दात विचकून बघणार नाही अशा घरात दोन घास खावेत, एवढीच बायकोची हौस. त्यामुळे एका नामांकित नटाने मोबाइलवर हात जोडून "अंध मुलांच्या शाळेसाठी तिकीट घ्या, घर जिंका" म्हणताच तिने नवऱ्याचा नंबर देऊन तिकीट घेतलं.

कारागिराने जाहिरात थांबवली, बोटांनी नटाचं तोंड मोठं केलं.

"फसलीस."

"अहो, कशावरून?"

"याच्या पुढच्या दातांत फट होती. कुठाय? हा नट कुणीतरी संगणकावर बनवलाय."

"मग शाळेला फोन करून विचारा ना, सोडत तुमचीच का म्हणून."

"अगं, माणूस खोटं बोलतो. दात बोलत नाहीत."

"आणि तुमचा धंदा कसला?"

मुद्दा बिनतोड होता. त्याने तो मान्यही केला. फोन मात्र केला नाही.

पुढे बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि इकडे शाळेचा फोन आला. "अभिनंदन, तुम्हाला घर..."

"आधी फट दाखवा, मग घर दाखवा," म्हणून याने फोन आपटला. मग शाळेने माणूस पाठवला. त्याला याने दारातूनच वाटेला लावलं. जाता जाता अक्कलदाढ काढून घ्यायचा सल्ला दिला, तोही फुकट.

बायको परतली आणि तिने मोबाइलवर पाहिलं: मुदतीत तिचा दावा न आल्यामुळे नट भलत्याच बाईच्या हातात किल्ली देत होता. वर हसून सांगत होता, की यंदाच फट बुजवून घेतली.

"काम चांगलं केलंय," कारागीर म्हणाला.

त्यानंतर बायको त्याच्याशी बोलली नाही. ती शेजारणीकडे जेवू लागली. जबड्यांसमोर तो एकटाच बसू लागला. शेवटी त्याने शाळेला अर्ज लिहिला:

"विषय: सोडत बनावट ठरवण्याबाबत.

महोदय, आपली सोडत खरी होती, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि अर्जदाराच्या सांसारिक अडचणी विचारात घेऊन ती पूर्वलक्षी प्रभावाने बनावट घोषित करावी व तसा दाखला अर्जदाराच्या पत्नीच्या नावे द्यावा. ते शक्य नसल्यास संबंधित नटाची फट पूर्ववत करण्यात यावी. हे काम अर्जदार विनामोबदला करून देईल."