मागून हाक

मल्हारी लेकीला, गोदीला, कडेवर घेऊन एसटीत चढला आणि गोळ्यांची पिशवी घरी ओट्यावरच राहिली. ती दिसताच त्याची आई मनकर्णाबाई पिशवी उचलून धावली. पोरीच्या रक्तात कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरनं बजावलं होतं, एकसुद्धा गोळी चुकवायची नाही. त्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं गाड्या अडकल्या आणि दवाखान्याची तारीख आधीच हुकली होती.

एसटी समोरच उभी होती. एका हाकेचं काम. पण घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारणं म्हणजे अपशकुन, त्यात हे आजारी लेकरू! म्हातारीनं ओठ घट्ट मिटले. गाडी हलली तशी ती ज्वारीच्या रानात शिरली. रस्ता तळ्याला वळसा घालून जायचा. धसकटं तुडवत ती मधून पळाली आणि पुढच्या वळणावर दोन्ही हात पसरून गाडीला आडवी झाली.

"मरायचं हाय का म्हातारे?" ड्रायव्हर खेकसला. "मघाशीच हाक मारायला काय झालं व्हतं?"

तिनं पिशवी खिडकीतून मल्हारीला दिली, गोदीच्या टकलावरून हात फिरवला आणि रक्ताळल्या पायांनी घरची वाट धरली. गाडी सुटली.

"आज्जेऽऽ!" मागून गोदी ओरडली.

म्हातारी थबकली. तिला बरंच वाटलं. जे काय वंगाळ व्हायचं, ते आता आपल्यावर. पुरती मागं वळून तिनं खणखणीत ओ दिली.