नाव नंतर

"थांबा, ते शेवटचं कडवं परत लावा," चष्मेवाला म्हणाला.

लिफ्टवाल्याने फोनवर बोट मागे ओढलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी ठेवलेल्या लहानशा स्पीकरमधून तेच कडवं पुन्हा सुरू झालं. गाणं तसं जुनंच, रेडिओने घरोघरी पोचवलेलं आणि सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. शनिवारी दुपारी दुकान बंद झालं की हे तिघं इथे जमायचे: चष्मेवाला, निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई आणि अलीकडे त्यांच्यात आलेला लिफ्टवाला. एकच गाणं निरनिराळ्या गळ्यांतून ऐकायचं आणि त्यावर भांडायचं. नियम एवढाच की आधी मत, नाव नंतर. नाव आधी कळलं की कान मिंधे होतात, असं बाईंचं म्हणणं.

कडव्याच्या शेवटी गळा खाली उतरला आणि गाण्यामागे मघाचा तो आवाज पुन्हा आला. घरघर, मग एक हिसका, आणि लगोलग झाकणांची किणकिण.

चष्मेवाला स्पीकरकडे वळला. हा त्याच्या घरचा फ्रिज होता. बंद होताना तो असाच उचकी लागल्यासारखा हादरायचा आणि त्याच्या डोक्यावरच्या बरण्या वाजायच्या. आणि फ्रिज ओळखू आल्यावर मग गळाही ओळखू आला. गात होती ती त्याची बायको.

"काय झालं? आवडलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही, बरं आहे." त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. दुकानात गिऱ्हाइकांना तो हेच करू नका म्हणून बजावायचा. "कोण आहे ही?"

"ओळखीच्या एक बाई आहेत," लिफ्टवाला म्हणाला. "नाव सांगू नका म्हणाल्यात."

"मागच्या दोन वेळच्या त्याच ना? या वेळी बाईंनी जीव ओतलाय हो," गणिताच्या बाई म्हणाल्या.

लिफ्टवाला नुसता हसला. ते हसणं चष्मेवाल्याने घरी जाईपर्यंत चघळलं.

त्याने घरी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं आणि मग ते खरं की खोटं, याचा भुंगा मागे लागला असता. त्यापेक्षा डोळे उघडे ठेवलेले बरे. आणि डोळे उघडे ठेवल्यावर दिसायला काय कमी! स्वयंपाकघरातली एक खुर्ची रोजच्या जागी नव्हती. कपाटातल्या गोधड्यांची घडी तिच्या हातची, पण घाईने घातलेली. ओट्यावर गरम पाण्याचा पेला होता, आणि तिला तर गरम पाणी आवडायचं नाही. तिच्या फोनवर काहीतरी वाजलं की ती तो उचलून बाल्कनीत जायची.

"कुणाचा होता?" त्याने एकदा पेपरातून मान वर न करता विचारलं.

"असाच."

असाच! त्याने पान उलटलं, पण वाचलं एक अक्षर नाही. लिफ्टवाला त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बघायचा. तिथल्याच ओळखीतून तर तो शनिवारच्या बैठकीत आला होता. चष्मेवाल्यानेच त्याला बोलावलं होतं, मोठ्या कौतुकाने. दिवसभर आपण दुकानात आणि हा आपल्या इमारतीत, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आता दुसरं काही येत नव्हतं. एका म्हातारबुवांना त्याने उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवून दिली, तो चष्मा त्यांनी परत आणला तेव्हा हा त्यांच्यावरच डाफरला.

पुढच्या आठवड्यात एका भरदुपारी त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि तडक घर गाठलं. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि बाजूला हत्यारांची पिशवी पडलेली. माणसाचा पत्ता नाही. चष्मेवाला जिन्याने वर निघाला. मधल्या मजल्यावर धाप लागली तरी थांबला नाही. किल्ली लावली, दार ढकललं आणि थेट स्वयंपाकघरात शिरला.

खिडकीवर गोधडी टांगलेली होती. अंधारात बायको एकटीच खुर्चीवर ताठ बसून गात होती. समोर बरणीला टेकून फोन उभा. त्याला पाहून ती दचकली, पण थांबली नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि कडवं पुरं करू लागली. तो चपला घालून तसाच उभा राहिला. स्वतःच्या घरात कुणी आपल्याला असं गप्प केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

तिने फोन बंद केला.

"घरात कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी."

"आणखी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि हसावं की चिडावं ते कळेना, असा तिचा चेहरा झाला.

"लिफ्टवाले वर गच्चीत आहेत, मोटारीपाशी. जाऊन बघून या."

तो दुसरी खुर्ची ओढून बसला.

"लिफ्टच्या पोकळीतून आवाज वर जातो," ती म्हणाली. "मी भांडी घासताना गुणगुणत होते, ते त्यांना ऐकू गेलं. खाली आल्यावर म्हणाले, आमच्या बैठकीत सध्या हेच गाणं चाललंय. मग मीच म्हटलं, माझंही घेऊन जा. फक्त नाव सांगू नका."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"छान म्हणालो असतो."

"तेच तर."

त्याने पायातल्या चपला काढल्या. लग्नानंतर ती गायची तेव्हा तो छानच म्हणायचा. हातातल्या काचेवरून नजर न काढता, दर वेळी. पुढे तिचं गाणं केव्हा थांबलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

"पहिल्या वेळी तुम्ही काय म्हणालात, ते मी लिफ्टवाल्यांकडून खोदून खोदून काढून घेतलं," ती म्हणाली. "बाईंनी गाणं इस्त्री करून आणलंय. एक सुरकुती नाही, पण अंगात कुणी असल्याचं दिसत नाही."

तो तसं म्हणाला होता खरा. गणिताच्या बाई खो खो हसल्या होत्या आणि तोही स्वतःवर खूश झाला होता.

"मला काय माहीत, ती तू..."

"फार चिडले होते मी. मग परत गाऊन पाहिलं. बरोबर होतं तुमचं." तिने गोधडी काढली, उजेड आत आला. "या खेपेला मात्र ओळखलंत. कशावरून हो?"

"आवाजावरून," तो म्हणाला.

तिने गोधडी छातीशी धरली आणि ती आतल्या खोलीत गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं, ते पाहून खरं सांगायचा त्याला धीर झाला नाही.

शनिवारी लिफ्टवाल्याने पुन्हा एक गाणं लावलं. गळा बाईचाच. मागे कसलाही आवाज नव्हता, नुसतं गाणं. चष्मेवाला पुढे झुकला. वरची पट्टी तिचीच वाटली; मग एका वळणावर ती मुळीच वाटेना.

"मत?" बाई म्हणाल्या.

"परत लावा." ऐकून झाल्यावर तो पुन्हा म्हणाला, "परत."

लिफ्टवाल्याकडे त्याने एकदा रोखून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आणि नाव विचारायचं धैर्य आज कुणापाशी असलंच, तर ते चष्मेवाल्यापाशी नव्हतं.

घरी आला तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो समोर बसला आणि उगाच एक टॉवेल उचलला.

"आज एक बाई होती," तो म्हणाला. "तू होतीस की नाही, मला कळलं नाही."

तिचे हात थांबले. मग तिने मांडीवरचे कपडे बाजूला सारले आणि त्याच्याकडे वळून बसली.

"कशी गायली?" तिने विचारलं. "सुरुवातीपासून सांगा."