सोलंगची कॅसेट

जयवंत सामंतांनी वीस वर्षांत वसईतल्या निदान पाचशे जोडप्यांना बर्फात नेऊन उभं केलं, स्वतः मात्र बर्फ पाहिला तो छप्पन्नाव्या वर्षी. ते लग्नाचं शूटिंग करायचे. कॅसेटमध्ये सप्तपदी संपली, की मिक्सिंगची करामत सुरू व्हायची. हॉलमध्ये घामाने निथळलेले नवरा-नवरी टीव्हीवर हिमशिखरांपुढे हळूहळू गोल फिरायचे. एखादीच्या शालूची कड निळी पडायची, एखाद्याचा अर्धा कान डोंगरात जायचा. पण बर्फाशिवाय कॅसेट कुणी घरी नेत नसे.

"इतक्यांना पाठवलं, एकदा आपणही जाऊन येऊ," असं म्हणत त्यांनी २००४च्या फेब्रुवारीत मनालीची टूर घेतली. त्यांच्या बायकोचे, वसुंधराबाईंचे, गुडघे धरलेले, म्हणून त्या आचोळ्यात घरीच राहिल्या. बरोबर गेली ती हेमांगी, त्यांची मुलगी. मनालीजवळच्या सोलंगला ते स्कीवर उभे राहिले, त्याची कॅसेटही झाली. आणि त्याच वर्षी जुलैत, जेवून हात धुता धुता, जयवंतराव गेले.

भिंतीवर लावायला फोटो शोधू लागल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं, की ज्याने गावभरचे चेहरे टिपले त्याचा स्वतःचा धड एक फोटो घरात नाही. शेवटी पासपोर्टचा फोटो मोठा करून त्याला हार घातला. त्या फोटोत ते दाढदुखी झाल्यासारखे दिसत होते.

आता वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं.

"सोलंगच्या कॅसेटमध्ये ते आहेत ना?" वसुंधराबाईंनी विचारलं. "मला एकदा त्यांना हसताना बघायचंय. मग बाकीचं काय ते तुम्ही करा."

वर्षभर त्या कॅसेटला कुणी हात लावला नव्हता. हेमांगी ती घेऊन सांडोरला अँथनीकडे गेली. जयवंतरावांच्या सगळ्या कॅसेटचं मिक्सिंग अँथनी करायचा. केळीच्या बागेला लागून त्याची खोली होती. खिडकीवर काळा कागद चिकटवलेला, आत कॉम्प्युटरचा टीव्ही आणि पंख्याचा आवाज.

"ये बाय," अँथनी म्हणाला. "तुझ्या बापाने मला या खोलीत बसवून बसवून पोट वाढवलं, आणि स्वतः गेला स्की करायला."

कॅसेट सुरू झाली. पहिली काही मिनिटं चांगली होती. जयवंतरावांनी कॅमेरा स्वतःच्या छातीवर बांधला होता, तोही बायकोच्या गुडघ्याच्या पट्टीने. पडद्यावर खाली स्कीच्या दोन फळ्यांची टोकं, त्यांच्यापुढे किंचित राखाडी उतार, दूरवर देवदार. बर्फावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. आणि त्यांचा श्वास. जोरजोरात, अगदी कानाशी. हेमांगीने खुर्चीची कड धरली. श्वास ऐकू येत होता आणि माणूस कुठेच नव्हता.

"आता बघ हां," ती म्हणाली. "इथून पुढे कॅमेरा माझ्या हातात आहे."

पडदा पांढरा झाला.

अँथनीला आधी वाटलं, टेप संपली. मग त्या पांढऱ्यात वर कुठेतरी दोन काळे ठिपके हलले. ते हातमोजे होते. ते डुलत डुलत खाली आले. मध्ये कोट नव्हता, मान नव्हती, तोंड नव्हतं. मोजे जवळ येऊन थांबले, आणि जयवंतरावांचा आवाज आला, "चेहरा येतोय का गं?"

"येतोय बाबा, मस्त येतोय," कॅसेटमधली हेमांगी म्हणाली.

अँथनीने कॅसेट थांबवली. 

"कोट कुठला होता?"

"पांढरट. रंगीत सगळे भाड्याने गेले होते."

"आणि उजेडाचं चाक किती वर घेतलंस?"

हेमांगीला ते चाक बोटाखाली अजून आठवत होतं. कॉलेजात असताना ती लग्नांत वडिलांबरोबर जायची. तेव्हाचा त्यांचा एकच धडा होता: नवरीच्या मागे लाइट असला आणि चेहरा काळा पडला, की चाक वर घ्यायचं. मागचं सगळं जळलं तरी चालेल, लोक चेहरा बघायला कॅसेट लावतात. सोलंगला त्या कडक उन्हात कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच काळं दिसत होतं. तिने चाक वर घेतलं. तरी काळंच. आणखी वर घेतलं. चेहरा येतोय का, हे तिला दिसतच नव्हतं. बोटं गारठली होती, लवकर आटपायचं होतं, म्हणून ती येतोय म्हणाली.

"शेवटपर्यंत," ती म्हणाली.

अँथनीने मान हलवली. "अंधारातलं थोडं वर काढता येतं. तिथे काहीतरी शिल्लक असतं. जळलेल्या पांढऱ्यात काही नसतं, बाय. टेपवर ते उतरलंच नाही."

"काळं करून तर बघा."

त्याने पडद्याचा उजेड हळूहळू उतरवला. बर्फ राखाडी झाला, मग मळकट. चेहरा आला नाही. जिथे चेहरा असायला हवा होता तिथे सपाट राखाडी होतं, पुसलेल्या पाटीसारखं. पण त्याच्या पायाशी एक निळसर सावली उमटली. अँथनीने कॅसेट मागे नेऊन पुन्हा सोडली. वरून सावली निघाली. दोन हात पसरून, वाकून, उतारावरून घसरत आली. ती सावली टाकणारा माणूस नव्हता. सावली कॅमेऱ्याजवळ थांबली, तिचा एक हात वर झाला.

"चेहरा येतोय का गं?"

हेमांगीने हात पोटाशी आवळून घेतले. बाहेर जुलैचा दमट उकाडा होता.

"ऐक माझं," अँथनी हलक्या आवाजात म्हणाला. "पाचशे लोकांचं केलं तेच करतो. एका लग्नात तो कॅमेऱ्यासमोर आला होता, पेढा खाताना. हसतोय. त्याला कापून या बर्फात उभा करतो. तुझ्या आईला काय कळणार?"

हेमांगीने तो तुकडा बघितला. तीन सेकंदांचं हसू होतं, खरं. अँथनीने तेवढ्यात ते कापून पांढऱ्यावर ठेवलंही. कडेला निळी रेघ, अर्धा कान गायब. जयवंतराव बर्फात पेढा खात होते.

तिला मोह झाला. आईने एवढंच तर मागितलं होतं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "एकदा मी खोटं बोललेय त्यांच्याशी. सावली आहे तशी ठेवा. फक्त माझा आवाज काढा."

"कुठला?"

"'येतोय' म्हणाले मी, तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरी कॅसेट लावली. वसुंधराबाई पाय पसरून, चष्मा पुसून बसल्या. हेमांगीने आधीच सांगितलं, "आई, चेहरा नाहीये. माझ्या हातून जळला. सावलीच आहे."

 श्वास ऐकू आला तशा वसुंधराबाई टीव्हीकडे किंचित सरकल्या. "जिना चढून आले की असेच धापा टाकायचे," त्या म्हणाल्या. मग मळकट बर्फ आला आणि सावली उतरू लागली.

"डावा खांदा बघ," वसुंधराबाई म्हणाल्या. "कॅमेरा वाहून वाहून उतरला होता. शर्ट शिवताना शिंपी दरवेळी विचारायचा."

हेमांगीने हे पाहिलंच नव्हतं. खांदा खरोखरच उतरलेला होता.

सावली थांबली. हात वर झाला.

"चेहरा येतोय का गं?"

तिने काढून टाकलेल्या उत्तराची जागा रिकामी होती. तिथे फक्त वारा वाजत होता. हेमांगीने मान खाली घातली.

"येतोय," वसुंधराबाई टीव्हीला म्हणाल्या, आणि पदर नीट केला. "हेमा, मागे घे. अजून एकदा विचारू देत."