मधला तुकडा

ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात न धुतलेला रोल निघाला, हे कळताच माझ्या थोरल्या नणंदबाई दुसऱ्या दिवशी दारात हजर. आमच्या सासूबाईंचे दात जरा पुढे होते. कॅमेरा दिसला की त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. एकदाच कॅमेऱ्यासमोर खळखळून हसल्या आणि ह्यांनी ते टिपलं. तो फोटो ह्याच रोलवर होता.

"मग धू की! तीस वर्षं स्टुडिओत काय केलंस?"

"मिनिटं मोजली, वन्सं. कुठला डेव्हलपर वापरायचा, ते हे ठरवायचे."

आता हे नाहीत आणि टेबलावर फिल्म धुण्याच्या रसायनाच्या दोन बाटल्या. एक डेव्हलपर मवाळ. इतक्या जुन्या फिल्मवर त्यानं चित्र उमटेल की नाही, शंकाच. दुसरा जहाल, तो चित्र ओढून काढेल, पण सोबत धुकंही आणेल. अशा वेळी हे फिल्मचं टोक कापून आधी तेवढंच धुऊन बघायचे.

"सुरुवातीचं टोक कापते," मी म्हणाले.

"खबरदार! भाऊनं नवा रोल भरला आणि आई पहिल्याच फोटोत हसली."

"नाही हो, शेवटच्या. त्या हसल्या आणि रोल संपला, म्हणून हे केवढे चिडले होते!"

"तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस, वहिनी."

"आणि तुम्ही सासरी."

 ते चिडणं मी पाहिलं होतं की ह्यांच्याकडून नुसतं ऐकलं होतं, मलाच उमजेना. शेवटी दोघींनी मिळून शहाणपणा केला: दोन्ही टोकं सोडायची, तुकडा मधला घ्यायचा.

डार्करूममध्ये अंधारात चाचपून दोन बोटं फिल्म कापली. उरलेली उजेड न शिरणाऱ्या टाकीत बंद केली. तुकडा जहालमध्ये धुतला, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमधून काढला आणि दिवा लावला. वन्संनी चष्मा पुसून तो उजेडात धरला.

निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात. पुढे आलेले काळे दात, फाकलेले ओठ, हनुवटी. सगळ्यावर धुकं. ह्यांनी कॅमेरा उभा धरला होता, त्यामुळे माझी कात्री बरोबर नाकावरून गेली होती. डोळे अजून टाकीत होते.

"वन्सं, मी…"

"मधे हसली गं ती," वन्सं म्हणाल्या. "ना तुझ्या टोकाला, ना माझ्या." मग बराच वेळ तुकडा बघत राहिल्या. "हसणं आलंय. डोळे मला पाठ आहेत. बाकीचा रोल तुला हवा तसा धू."

हवा तसा म्हणजे कसा? मवाळ घेतला तर उरलेले फोटो कदाचित स्वच्छ येतील, कदाचित एकही येणार नाही. मी एक बाटली उचलली, ठेवली, दुसरी उचलली. शेवटी जहालच घेतला. धुकं तर धुकं. दोन्ही तुकडे एकाच बाईचे दिसायला हवेत.

वन्संनी घड्याळ हातात घेतलं. "किती मिनिटं?"

"आठ," मी म्हणाले आणि टाकीत डेव्हलपर ओतला. "की नऊ?"