व्हॅन डोर्नबाईंचं मत

"चार जुलैपासून तुम्ही गिफ्ट शॉपमध्ये बसा, अहिल्या," कीथ हॅम्लिन म्हणाला आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता फोनमध्ये बघू लागला.

"आणि टूर कोण देणार?"

"मी देईन. स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष आहे. लांबून लोक येतील. त्यांच्या डोळ्यांसमोर तो काळ उभा राहायला हवा."

"माझ्याकडे बघून उभा राहत नाही का?"

कीथने मान वर केली नाही. "असं मी म्हणालो नाही. शिवाय टूर फार लांबते. खानावळीच्या बाईच्या मतदानाचा भाग काढून टाकलाय. लोक इथे राजकारण ऐकायला येत नाहीत."

अहिल्याला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. वर्षभरापूर्वी तो म्युझियम चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. बोलायचा गोड आणि ऐकायचा कुणाचंच नाही. आज मात्र तिला त्याची चीड आली.

न्यू जर्सीतल्या त्या लहान गावात हे जुनं दगडी घर होतं. अडीचशे वर्षांपूर्वी तिथे प्रवाशांसाठी खानावळ आणि दारूचं दुकान चाले. अहिल्या तिथे नऊ वर्षं टूर देत होती. त्याआधी ती कराडच्या शाळेत इतिहास शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आली, तर व्हिसावर नोकरी करायला बंदी. सात वर्षं घरात काढली. मग कुणीतरी सांगितलं, बिनपगारी काम करता येतं. पुढे ग्रीन कार्ड आलं, तासाला थोडे डॉलर मिळू लागले, पण पैशांसाठी ती तिथे कधीच गेली नव्हती.

घराची मूळ गोष्टही तिनेच शोधली होती. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरखान्यात चार हिवाळे बसून. सतराशे पासष्टमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या प्रत्येक कागदावर सरकारी शिक्का हवा आणि त्याचा कर भरायला हवा. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, दारूचा परवाना, पत्त्यांचा जोडसुद्धा. फ्रेंचांशी केलेल्या युद्धाने सरकारच्या डोक्यावर कर्ज झालं होतं, ते या वसाहतींकडून वसूल करायचं होतं. तेव्हा खानावळीची मालकीण होती रेचल व्हॅन डोर्न, छत्तीस वर्षांची विधवा. तिने कौंटीला लिहून दिलं: "ज्या सभेत माझ्यासाठी बोलणारं कुणी नाही, तिचा शिक्का मी घेणार नाही." दुकान तीन महिने बंद राहिलं. अहिल्याला तो अर्ज सापडला, त्या दिवशी ती दप्तरखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली होती. आता तोच अर्ज म्युझियमच्या माहितीपत्रकावर छापला होता. शोधणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं.

घरी गेल्यावर तिने सुभाषला सगळं सांगितलं.

"सोड ना," तो म्हणाला. "त्यांचं म्युझियम, त्यांचा इतिहास. आपल्याला काय करायचंय? आयसेलिनला लायब्ररीत मराठीचे वर्ग घे. आपले मराठी लोक मानाने बोलावतायत."

"अहो, मला मान नकोय. मला माझं काम हवंय."

"मग भांडू नकोस, एवढंच म्हणतो. तुझा सिटिझनशिपचा अर्ज चालू आहे."

रात्रभर तिला नवऱ्याचाही राग येत राहिला.

चार जुलैला सकाळपासून रीघ लागली. अहिल्या काउंटरवर फ्रिजला लावायचे मॅग्नेट आणि कागदी झेंडे विकत होती. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे बैठकीच्या खोलीतला कीथचा आवाज स्वच्छ ऐकू येई. पहिल्या दोन टूर तिने दात आवळून ऐकल्या. शिक्क्याचा कायदा एका वाक्यात उरकला. तो कायदा लोकांनी वर्षभरात मोडून काढला, मग काच, रंग, कागद, चहा यांच्यावर नवा कर आला, बायकांनी इंग्लंडचं कापड टाकून घरी सूत कातलं, यातलं काहीच नाही. रेचलबाई तर एका ओळीपुरत्याच.

तिसऱ्या टूरला एका पांढऱ्या केसांच्या बाईने विचारलं, "पण बोस्टनच्या बंदरात चहाच का बुडवला?"

"कारण राजाने चहा इतका महाग केला," कीथ म्हणाला, "की साध्या माणसाला तो परवडेना."

अहिल्या उठली. उठायचं ठरवलं नव्हतं. दारात जाऊन ती म्हणाली, "महाग नाही. स्वस्त झाला होता."

वीसेक माणसांनी वळून पाहिलं.

"ईस्ट इंडिया कंपनी बुडत होती. तिला वाचवायला पार्लमेंटने तिचा चहा स्वस्त विकू दिला. कर फक्त लहानसा ठेवला. तो स्वस्त चहा घेतला असता, तर आमच्यावर कर लावायचा तुम्हाला हक्क आहे, हे मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून बुडवला. त्याची शिक्षा म्हणून बोस्टनचं बंदर बंद केलं, सैन्य आणलं, आणि जी गावं तोवर गप्प होती ती बोस्टनच्या बाजूने उभी राहिली. दीड वर्षात गोळ्या सुटल्या."

"थँक यू, अहिल्या," कीथ हसून म्हणाला. "काउंटरवर कुणीतरी थांबलंय."

काउंटरवर कुणीही नव्हतं.

लाल टोपीतला एक माणूस मोठ्याने म्हणाला, "आता आमचा इतिहास आम्हाला ही शिकवणार?" दोघंतिघं हसली. कुणीतरी "कुठून आलीस तिथे जा" असंही पुटपुटलं. कीथने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

गर्दीत एक मराठी कुटुंब होतं. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आलेलं. सकाळी तिकीट घेताना त्यातल्या नवऱ्याने, कुशलने, कौतुकाने सगळ्यांची ओळख करून दिली होती. आता तो लगबगीने तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, प्लीज, सीन नको. कशाला उगाच? आपण इथे पाहुणे आहोत यार."

"पाहुण्याकडून कुणी टॅक्स घेतं का रे?"

तो कानापर्यंत लाल झाला. बायकोचा हात धरून त्याने तिला पुढच्या खोलीकडे वळवलं. त्यांची लहान मुलगी मात्र मागे वळून बघत गेली.

टूर संपल्यावर कीथने ऑफिसचं दार लावून घेतलं. आता तो हसत नव्हता.

"किल्ल्या द्या."

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "माझ्या फाइल्स कपाटात आहेत. अर्जाच्या नकला, याद्या, चार वर्षांच्या नोंदी."

"त्या संस्थेच्या मालमत्तेत येतात."

"हाताने लिहिलेल्या आहेत. माझ्या अक्षरात."

"संस्थेच्या कागदावर," कीथ म्हणाला आणि दार उघडून बाजूला उभा राहिला.

तिला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. पर्स छातीशी धरून ती बाहेर पडली. सुभाषला फोन केला. "न्यायला या" एवढंच बोलली.

फुटपाथवर मॅपलच्या सावलीत ती उभी राहिली. पाठोपाठ ती पांढऱ्या केसांची बाई हळूहळू पायऱ्या उतरून आली.

"खानावळीच्या बाईंचं पुढे काय झालं? ते त्यांनी सांगितलंच नाही."

अहिल्याने पर्स खांद्याला अडकवली. मग तिने सुरुवात केली.

"सतराशे शहात्तरमध्ये या राज्याने पहिली घटना लिहिली. मत कुणाला, तर सगळ्या रहिवाशांना, असा शब्द होता. पुरुषांना असं लिहिलेलं नाही. पन्नास पौंडांची मालमत्ता हवी, बस. नवरा नसलेल्या बायकांना मत देता येऊ लागलं. सतराशे सत्त्याण्णवच्या मतदारयादीत रेचलबाईंचं नाव आहे. अडुसष्ट वर्षांच्या होत्या."

"मला हे कधीच कुणी सांगितलं नाही," ती बाई म्हणाली. "इथेच जन्मले मी."

"दहा वर्षांनी कायदा बदलला. बायकांचं मत काढून घेतलं."

"आणि त्या?"

"तोवर त्या गेल्या होत्या. कळलंच नाही त्यांना."

मिरवणुकीमुळे रस्त्यावर गाड्या अडल्या होत्या. सुभाष आला तेव्हा वीस मिनिटं उलटली होती. फुटपाथवर आता पाच-सहा जणं होती. एक जोडपं निम्म्यातून निघून गेलं, एक म्हातारा वहीत काही लिहून घेत होता. वरच्या खिडकीतून कीथ पाहत होता. अहिल्या हात हलवत बोलत होती, शाळेत बोलायची तशी, वाक्याच्या शेवटी किंचित थांबून.

सुभाषने हॉर्नवर हात नेला. मग मागे घेतला, काच खाली केली आणि इंजिन बंद केलं.