समीकरणातले भावोजी

साहेबांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता: मीटर तपासताना प्रवाह आधी शांत बसू द्यायचा, मगच आकडा लिहायचा. व्हॉल्व्ह ते इतक्या हलक्या हाताने उघडत, की निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करताहेत असं वाटावं. बेकरीतलं गॅसचं मीटरही त्यांनी असंच तपासलं, पाच मिनिटं वाट पाहिली आणि दाखला दिला: मीटर बिनचूक.

हा दाखला त्यांच्याच हाताखालच्या समीकरणबाईच्या घरावर कोसळला. दिवसभर मीटरांची गणितं मांडते म्हणून तिला हे नाव पडलं होतं. त्या बेकरीची भट्टी सांभाळत होते तिचे भावोजी, सख्ख्या ताईचे यजमान. मीटर बिनचूक, पाव तेवढेच आणि गॅस मात्र बारा टक्के जास्त. तेव्हा मालकाने ठरवूनच टाकलं, की भट्टीवाला चोरून स्वतःचे केक भाजतो आणि बाहेर विकतो. सोमवारी चाळीस कामगारांसमोर त्याने त्यांना चोर म्हटलं. शुक्रवारी कामावरून काढणार होता. ताई रडून रडून अर्धी झाली. भावोजींना तर केक डोळ्यांसमोरही नको असायचा.

बाई आकडेमोडीला बसली. मीटरच्या पोटात पंख्यासारखी एक चक्री असते. गॅस वाहिला की ती फिरते आणि तिच्या फेऱ्यांवरून गॅस मोजतात. पण बेकरीत नुकताच नवा थर्मोस्टॅट बसवला होता. भट्टी तापली की बर्नर बंद, निवली की चालू, असं दिवसभर. गॅस थांबला तरी चक्री आपली फिरतच राही, पाहुणे गेल्यावरही दारात बोलत उभ्या राहिलेल्या यजमानासारखी, आणि मीटर तेही फेरे इमानाने मोजी. तिच्या मॉडेलने उत्तर दिलं: बारा टक्के.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"तुझ्या समीकरणात भावोजी घुसलेत," ते म्हणाले.

बाईचं डोकं तापलं. भावोजी घुसले होते हे खरंच, पण म्हणून उत्तर खोटं ठरत नव्हतं. तिने वाद घातला नाही. गुरुवारी मालक दाखल्यावर शिक्का घ्यायला यायचा होता. तिने भावोजींनाही बोलावून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती हळहळली, की साहेबांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, दहा-दहा सेकंदांनी व्हॉल्व्ह उघड-बंद करणं काही त्यांना झेपायचं नाही.

साहेबांनी बाह्या सरसावल्या. मापाच्या टाकीतली बरोबर दोनशे लिटर हवा बेकरीच्या त्याच मीटरमधून सोडायची होती. उघड, बंद, उघड, बंद. मालक हौसेने सेकंद मोजू लागला. साहेब घामाघूम झाले, पण हटले नाहीत. टाकी संपली तेव्हा मीटरवर दोनशे चोवीस होते.

"वरची चोवीस लिटर आली कुठून?" मालकाने विचारलं.

"साहेबांच्या खिशातून असेल," बाई म्हणाली.

साहेब मीटरला कान लावून वाकले. व्हॉल्व्ह बंद होता आणि आत चक्री अजून कुरकुरत होती. ती थांबेपर्यंत ते ऐकत राहिले. मग त्यांनी मालकाच्या हातातला दाखला घेतला आणि फाडला. बाईला टुणकन उडी मारावीशी वाटली.

मालक मोकळेपणाने हसला. भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की चला, मीटरनेच आपल्याला फसवलं, उद्यापासून या कामावर. भावोजी जागचे हलले नाहीत. त्यांनी उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"मीटरने फक्त आकडा दाखवला, मालक. चोर तुम्ही म्हणालात. ज्या चाळीस जणांसमोर म्हणालात, त्यांच्यासमोर चुकलो म्हणा. मग भट्टी पेटवतो."

मालकाने आधाराला साहेबांकडे पाहिलं. साहेब बाह्या खाली करत होते.

"मीही येतो उद्या," ते म्हणाले. "दाखला माझा होता."