इथे होतं

एकशे बारा पोस्ट, दोनशे चौदा लिंक्स, तीनशे सहा फोटो आणि एकोणचाळीस कॉमेंट्स, त्यांतल्या सहा लेखकाच्या आईच्या. मित्रांनो, मी एवढा आहे. मी एक ब्लॉग. वय वर्षे तेरा, म्हणजे इंटरनेटच्या हिशेबाने म्हातारपणच.

माझा जन्म खराडीत झाला. गंधार तिथल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मला लिहायचा. इंटरनेटच्या आडवाटांवर जे चमत्कारिक सापडे, ते तो माझ्याकडे आणून ठेवी. दूरच्या एका बेटावरच्या बाई आपल्या खिडकीसमोरच्या दगडी भिंतीचा रोज एक फोटो टाकत. भिंतीत काहीच घडत नसे, तरी तीन खंडांतली माणसं ती पाहायला येत. एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी फक्त दारांच्या करकरीचे आवाज जमवले होते. एका पानावर नुसतं एक बटण होतं. ते दाबलं की आकडा एकाने वाढे, बाकी काही नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी ते चाळीस लाख वेळा दाबलं होतं. मी थक्क होऊन जाई. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीस मिळणार नव्हतं, तरी माणसं हे करत होती.

गंधारची एक पद्धत होती. अशा प्रत्येक पानाच्या कर्त्याला तो एकच प्रश्न पाठवी : हे का सुरू केलंत? आलेलं उत्तर मराठीत करून पोस्टखाली ठेवी. पुढे ते पान इंटरनेटवरून नाहीसं झालं, तरी त्याची लिंक काढत नसे. शेजारी ‘इथे होतं’ एवढंच लिही.

काही वर्षं माझं कौतुक झालं. मग लोक छोट्या व्हिडिओंकडे वळले. शेवटची कॉमेंट गेल्या वर्षी आली, तीही आईची : ‘जेवलास का?’

यंदा माझा सर्व्हर बंद होणार असं कळलं. गंधारकडे माझी प्रत होती, पण कपाटातल्या डिस्कवर मला वाचायला कोण येणार? वाघोलीच्या एका कॉलेजात जुने मराठी ब्लॉग जतन करायचं काम चालू होतं. त्याने तिथे मला पाठवलं. तपासायला आली पूर्वा, नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली.

तिच्या प्रोग्रॅमने माझ्या प्रत्येक लिंकचं दार वाजवलं. एकाहत्तर उघडली. नियम होता, निम्म्याहून जास्त उघडायला हवीत.

तिने गंधारला फोन केला. “अहो, बंद लिंक्स काढून टाकल्या असत्या तर ब्लॉग आरामात पास झाला असता. सगळे काढतात.”

“माहितीये. ऑफिसात मी दिवसभर तेच करतो,” गंधार म्हणाला. “पण एखादा घर सोडून गेला, म्हणून तो तिथे राहतच नव्हता असं कसं म्हणायचं?”

फोन ठेवून पूर्वाने भिंतवाल्या बाईंचं उत्तर उघडलं. ‘माझे यजमान लांबच्या इस्पितळात होते. घरची भिंत त्यांना रोज दिसावी म्हणून सुरू केलं. ते गेले, पण लोक पाहायला येतच राहिले. मग मीही थांबले नाही.’ बाईंचं पान आता नव्हतं. पूर्वाने ते उत्तर दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रकल्पप्रमुख विश्वजीत सरांकडे गेली. “सर, नियमाने हा ब्लॉग नापास होतोय. पण मला याच्या बंद लिंक्सच जास्त महत्त्वाच्या वाटतायत.”

“वाटतायत?” सर म्हणाले. “फिजिक्स शिकलात ना आपण? वाटण्याचं एकक काय?”

“मोजून देते. यातलं प्रत्येक बंद पान दुसरीकडे कुठे नोंदलं गेलंय का, ते शोधते.”

“शोधा. निम्म्याहून जास्त कुठेच नसतील, तर ठेवून घेऊ. आणि ब्लॉगच्या यादीत ती दारांची करकर दिसतेय, ती काय आहे, ते मलाही पाठवा.”

पूर्वा कामाला लागली. परदेशी चर्चेची पानं, जुन्या वेबसाइटचे साठे, काही तिने सोडलं नाही. हडपसरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत बसून ही मुलगी कधीही न भेटलेल्या माणसांच्या खुणा जगभर शोधत होती. बटण दाबणाऱ्यांचं मला जेवढं नवल वाटलं होतं, तेवढंच तिचं वाटलं.

मित्रांनो, कुणी जीव लावून केलेली विचित्र गोष्ट दिसली, तर खुशाल हसा. पण पुढे जाण्याआधी त्याला विचारा, हे का केलंत? आणि तो काय म्हणाला ते जपून ठेवा.

शनिवारी पूर्वाने सरांना अहवाल पाठवला. बंद लिंक्स : एकशे त्रेचाळीस. त्यांपैकी अन्यत्र कुठेही नोंद न सापडलेल्या : अठ्ठ्याण्णव.